कोणत्या खेळात शरीराचा कस अधिक लागतो?

प्रश्न : फुटबॉलपटू एका सामन्यात १० ते १२ किलोमीटर धावतो आणि मॅरेथॉनपटू ४२. मग मॅरेथॉन चौपट कष्टाची मानावी का?

उत्तर : तसे मानता येणार नाही, कारण नुसत्या अंतरावरून कष्ट कळत नाहीत. मॅरेथॉनपटू ४२.१९५ किलोमीटर जवळजवळ एकाच लयीत कापतो आणि त्याची खरी कसोटी लागते ती ३० किलोमीटरनंतर, स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा, साठा आटू लागतो तेव्हा. फुटबॉलपटू कधी चालतो, कधी संथ पळतो आणि मध्येच जीव खाऊन धावत सुटून तितक्याच झटक्यात थांबतो. या थांबण्यात मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा वेग आवरावा लागतो. स्नायूंचे तंतू सर्वाधिक दुखावतात ते अशाच कामात, आणि म्हणूनच सामन्यानंतर दोन-तीन दिवस पाय भरून आलेले असतात.

प्रश्न : क्रिकेटपटू बराच वेळ नुसते उभे असतात. क्रिकेटला मेहनतीचा खेळ का म्हणावे?

उत्तर : फलंदाज, यष्टिरक्षक आणि वेगवान गोलंदाज यांचे कष्ट एका मापाने मोजू नयेत. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर पडतो तो क्षण पाहा. पाऊल आदळते, अनेकांचा गुडघा ताठ राहतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर पायातून कमरेकडे चढतो; त्याच वेळी कणा एका बाजूला वाकून पिळलाही जात असतो. कसोटीत दिवसभरात २० षटके टाकणाऱ्याला हे १२० वेळा सोसावे लागते. कमरेच्या मणक्याला या ताणाने जाणारा तडा हे वेगवान गोलंदाजांचे नेहमीचे दुखणे आहे आणि हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या मुलांना त्याचा धोका अधिक असतो. त्यांनी टाकलेल्या चेंडूंची मोजदाद सामन्यांपुरती न ठेवता सरावातही झालीच पाहिजे, असे माझे प्रशिक्षकांना आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : फॉर्म्युला वनचा चालक बसूनच असतो, त्याला कसली तंदुरुस्ती लागते?

उत्तर : प्रामुख्याने मानेची. वेगवान वळणावर गुरुत्वाकर्षणाच्या चार-पाच पट बल लागते, तेव्हा हेल्मेटसह सहा-सात किलोचे डोके सुमारे ३० किलोच्या ओझ्यासारखे बाजूला ओढले जाते. उष्ण हवेतल्या शर्यतीत घामावाटे दोन-तीन किलो वजनही उतरते.

प्रश्न : एकच निवडायचा झाला तर सर्वांत खडतर खेळ कोणता?

उत्तर : दमसासाच्या दृष्टीने मी टूर द फ्रान्ससारख्या सायकल शर्यतीचे नाव घेईन. तीन आठवड्यांत २१ टप्पे, तीन हजारांहून अधिक किलोमीटर आणि विश्रांतीचे दिवस जेमतेम दोन. खर्च होणारी ऊर्जा भरून काढण्यासाठी पॅडल मारता मारता खात राहावे लागते, त्यामुळे पायांइतकीच पचनशक्तीचीही परीक्षा होते. बॉक्सिंगला मात्र मी या तुलनेत धरत नाही. पुरुषांच्या व्यावसायिक जागतिक किताबाच्या लढतीत तीन मिनिटांच्या १२ फेऱ्या असतात. त्यांना पुरणारा दम सरावाने कमावता येतो, पण डोक्यावर बसणारे ठोसे सोसायला मेंदूला कोणताही सराव शिकवू शकत नाही.