१० मेगाहर्ट्झवरून १०० मेगाहर्ट्झ करताना फेज नॉइज किती वाढतो आणि तो आवरायचा कसा?

वारंवारिता एन पट केली की फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली बारीक थरथर) २० लॉग एन डेसिबलने वाढतोच. दहा पटीला २० डेसिबल, शंभर पटीला ४०. कितीही महागडा मल्टिप्लायर आणलात तरी यातून सुटका नाही. तो फक्त स्वतःची भर कमी घालतो.

खरा फटका बसतो तो लांबच्या ऑफसेटला, म्हणजे मुख्य वारंवारितेपासून दूर. समजा तुमच्या ओसीएक्सओचा (तापमान स्थिर ठेवलेल्या क्रिस्टल ऑसिलेटरचा) नॉइज फ्लोअर, म्हणजे गोंगाटाची तळपातळी, १० मेगाहर्ट्झला −१६५ डीबीसी प्रति हर्ट्झ (मुख्य सिग्नलच्या तुलनेत डेसिबल) आहे. नुसता गुणाकार केलात तर १०० मेगाहर्ट्झला तो −१४५ होतो. चांगला १०० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर मात्र तिथे −१७० च्या आसपास सहज असतो. म्हणून थेट गुणाकार करण्याऐवजी असा व्हीसीएक्सओ (व्होल्टेजने वारंवारिता किंचित हलवता येणारा क्रिस्टल ऑसिलेटर) घ्या आणि अरुंद पीएलएलने (फेज जुळवून ठेवणाऱ्या लूपने) तो संदर्भाला, म्हणजे ओसीएक्सओला, लॉक करा. लूपच्या बँडविड्थच्या आत संदर्भाची स्थिरता मिळते, बाहेर व्हीसीएक्सओची शांतता. लूपची बँडविड्थ कुठे ठेवायची? संदर्भाचा (२० डेसिबल मिळवून) आणि व्हीसीएक्सओचा फेज नॉइजचा आलेख जिथे एकमेकांना छेदतात तिथे. बहुधा ते काही दहा ते काही शे हर्ट्झवर येतं.

आणि कृपा करून व्हीसीएक्सओच्या ट्यूनिंग पिनजवळ स्विचिंग सप्लाय आणू नका. तिथला मायक्रोव्होल्टचा गोंगाटही सरळ फेज नॉइज बनतो.