पीएचडीला मेम्ब्रेन घेऊ का? माझं मत : नको

बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढणारं नवं मेम्ब्रेन हा पीएचडीचा विषय घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी घेणार नाही. पाण्याने धुणं, पीएसए (दाबाखाली कार्बन डायऑक्साइड शोषून घेणं), मेम्ब्रेन (वायू वेगळे करणारा पातळ पडदा) या तिन्ही पद्धती मोठ्या प्रकल्पांत रुळल्यात. पुढच्या सुधारणा यंत्रं बनवणारे करतीलच.

घोडं अडतं ते त्याआधी, टाकीत गॅस तयार होतानाच. काड, पेंढा असा तंतुमय माल टाकला की सगळ्यांचं लक्ष मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे जातं. रेंगाळते मात्र पहिलीच पायरी, हायड्रोलिसिस, म्हणजे मालाचे मोठे रेणू फोडून विरघळवणं. लिग्निन, म्हणजे काडीला कडक करणारा घटक, हवेविना जवळजवळ पचत नाही आणि सेल्युलोज त्याच्या आड दडलेलं असतं. वाफ, अल्कली, बुरशी, सगळ्यांनी गॅस वाढतो. पण किती वाढला ते ठळक छापतात, त्यासाठी ऊर्जा किती घातली ते पुष्कळदा गुलदस्त्यात! तो ताळेबंद मांडा, आणि रोज माल पडणाऱ्या टाकीवर मांडा. बीएमपीच्या (मालातून किती मिथेन निघू शकतो ते मोजणाऱ्या चाचणीच्या) बाटल्यांत माझीही दोन वर्षं गेली, म्हणून सांगतो : बाटलीत माल एकदाच पडतो. महिनोन्‌महिने साचत जाणारा अमोनिया, सूक्ष्मजीवांना किंचित लागणारं पण हळूहळू संपत जाणारं निकेल-कोबाल्ट तिथं दिसत नाही. टाकी आंबट होते ती अशाच कारणांनी.

मिथेनच्या गळतीवर काम करायला फारसं कोणी उत्सुक नसतं. हिशेब बघा. 1 किलो मिथेन तयार झाला आणि त्यातला 10 टक्के निसटला. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो, म्हणजे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइडचा भार. उरलेल्या 900 ग्रॅमने खनिज वायूची जागा घेतली, तर वाचतो साधारण 2.5 किलो. कमाई गेली! म्हणून उघड्या स्लरी टाक्या, सेफ्टी व्हॉल्व्ह, इंजिनातून न जळता जाणारा मिथेन हे स्वस्तात आणि सतत मोजता येईल असं काही केलंत, तर ते लगेच वापरात येईल.

हायड्रोजन घालून कार्बन डायऑक्साइडचाच मिथेन करणं मला आवडतं, पण हायड्रोजन पाण्यात फार कमी विरघळतो. तो सूक्ष्मजीवांपर्यंत पोचवण्यातच सगळी कसरत, आणि टाकीतच जास्त झाला तर प्रोपिओनेटचं (मधल्या टप्प्यात बनणाऱ्या एका आम्लाचं) विघटन अडतं. रिॲक्टरच्या रचनेत गती असेल तरच घ्या.

तुमच्या प्रयोगशाळेत सलग चालणारा रिॲक्टर आहे का, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला माल कोण घालणार? ते कळवा, मग विषय नेमका करू.