पंचवीस लिटर कुणासाठी?

प्रश्न : नाशिकला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. आम्ही दोघं, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासू-सासरे. बाथरूम दोन, पण गीझर एकच होता, १५ लिटरचा. तोही आता गळतोय. दुकानदार म्हणतो, दोन्हीकडे २५ लिटरचे बसवा, ११,५०० रुपयांना एक, बारा महिने नो-कॉस्ट ईएमआय. १५ लिटरचा ८,२०० ला आहे. ह्यांचं म्हणणं, मोठा गीझर वीज जास्त खाणार. काय करावं?

उत्तर : ह्यांची शंका आधी काढून टाकू. वीज टाकीच्या आकाराने जळत नाही, तुम्ही अंगावर घेतलेल्या बादल्यांनी जळते. थंडीत नळाला १८ अंशांचं पाणी येतं असं धरा. ते विसण घालून ४० अंशांवर आलं की आंघोळीजोगं होतं. माणशी दीड बादली, म्हणजे ३० लिटर, धरली तर एका आंघोळीला पाऊण युनिटपेक्षा किंचित जास्त वीज लागते. सहा जणांची मिळून साडेचार युनिटं. हा आकडा १५ लिटरच्या गीझरला जवळजवळ तेवढाच आणि २५ लिटरच्यालाही तेवढाच. बटण दिवसभर चालू राहिलं तर मात्र मोठी टाकी उगाच उष्णता घालवत बसते, तेवढ्यापुरतं ह्यांचं बरोबर.

आता दुकानदाराकडे वळू. १५ आणि २५ या दोन्ही गीझरांत कॉइल बहुधा २ किलोवॅटचीच असते, हे तो सांगत नाही. म्हणजे तासाभरात पाणी तापवण्याची ताकद दोघांची सारखीच. मोठ्या टाकीत फक्त सुरुवातीचा साठा जास्त. साठ अंशांपर्यंत तापलेल्या १५ लिटरमध्ये विसण घातलं की जेमतेम एका माणसाची दीड बादली होते. पुढचं पाणी तापायला वीस-बावीस मिनिटं. २५ लिटरमध्ये दोन बादल्या आणि वर थोडं, मग मात्र पस्तीस-एक मिनिटं थांबा. सकाळची रांग हलवायची असेल तर मोठ्या टाकीपेक्षा दुसरी कॉइल उपयोगी पडते.

म्हणून माझं मत : दोन गीझर घ्या, पण १५ लिटरचेच. २३,००० ऐवजी १६,४०० रुपये. सहा ते साडेसात ही तुमची खरी घाई, त्यात तुम्ही चौघं. दोन्ही बाथरूम वापरलीत तर एकेका गीझरवर दोनच आंघोळी येतात. सासू-सासरे नंतर निवांत. त्यांच्याकडे स्वस्तातला तीन लिटरचा लावावा असंही कुणी सुचवेल. तो ३ किलोवॅटचा असतो, तरी थंडीत एक बादली भरायला दहा मिनिटं घेतो. म्हाताऱ्या माणसाला उघड्या अंगाने तेवढा वेळ कुडकुडत बसवू नका. तो सिंकपाशी शोभतो.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल. बँक व्याज लावतेच. तेवढी सूट किमतीत आधी दिलेली असते इतकंच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या माथी येते. दुकानदाराला नुसतं विचारा, ‘रोख दिले तर कितीला?’ तो जो आकडा सांगेल, तीच खरी किंमत.

पैसे द्यायच्या आधी वीजबिलावर ‘मंजूर भार’ बघा, म्हणजे घराने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची मुभा आहे तो आकडा. दोन्ही गीझर एकदम चालू म्हणजे ४ किलोवॅट, आणि कितीतरी घरांच्या बिलावर त्याहून कमी भार असतो. अर्थिंग तपासणं आणि वेगळी वायर ओढणं हा खर्चही याच हिशेबात धरा.

तुमचा जुना का गळला असेल, याचा मला अंदाज आहे. परवा आमच्याकडे मिस्त्रीने गीझर उघडला तर कॉइलवर खडूसारखा पांढरा थर; नखाने टोकरला तर पापुद्राच हातात आला. बोअरचं पाणी. टाकीला गंजापासून वाचवायला आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती स्वतः झिजते आणि संपली की टाकीची पाळी. आमची पेन्सिलीएवढी उरली होती. दर दोन वर्षांनी ती बघून घेणं नव्या गीझरपेक्षा फार स्वस्त पडतं.

सौर पाणीतापकाचं तुम्ही विचारलं नाहीत, आणि फ्लॅटमध्ये गच्ची सोसायटीची असल्याने मीही तिकडे जात नाही.

वाचलेल्या ६,६०० चं काय? खरं तर तो मोठा आकडा नाहीच. युनिटला सरासरी दहा रुपये धरले, तर थंडीच्या चार महिन्यांत आंघोळीच्या पाण्यालाच साडेपाच हजार जातात. तुमचा दर काढायला एकूण बिलाला युनिटांनी भागा. प्रत्येकाने अर्धी बादली कमी घेतली तर त्यातले अठराशे दर हिवाळ्यात उरतात. मुलं ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे.

आणि जुना गीझर मिस्त्री ‘जाता जाता घेऊन जातो’ म्हणेल. जुन्यांपैकी काहींत टाकी तांब्याची असते. आधी भंगारवाल्याला दाखवा.