वाचक विचारतात : पंधरा किलोचा पहिला लढाऊ रोबो

प्रश्न : आम्ही नागपुरातील एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारे सहा विद्यार्थी आहोत. येत्या हिवाळ्यात एका महाविद्यालयीन महोत्सवातील १५ किलो गटाच्या रोबोवॉरमध्ये, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या रोबोंच्या लढतीत, प्रथमच उतरण्याचा आमचा विचार आहे. समोर उभे फिरणारे पाते असलेला दोन चाकांचा रोबो आम्ही कागदावर आखला आहे. पाते ४० सेंटिमीटर लांब, २ किलो वजनाचे असून ते मिनिटाला ४००० फेरे घेईल. फेरे आणखी वाढवावेत की पाते जड करावे, यावर आमच्यात एकमत होत नाही. — एक संघ, त्रिमूर्तीनगर

उत्तर : दोन्ही करू नये. पाते लहान करावे, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण तुमच्याच आकड्यांत आहे.

मधोमध आसावर बसवलेल्या सरळ पट्टीचे जडत्व-आघूर्ण (फिरण्यातील बदलाला होणारा विरोध) हे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, भागिले १२ इतके असते. तुमच्या पट्टीसाठी ते सुमारे ०.०२७ किलोग्रॅम-चौरस मीटर येते. मिनिटाला ४००० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे ४१९ रेडियन, त्यामुळे पात्यात साठणारी ऊर्जा जवळपास २३४० ज्यूल होते. तुमचा संपूर्ण रोबो १६ मीटर उंचीवरून खाली टाकला तर जमिनीवर आदळताना त्याच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी ही आहे. या गटासाठी ती कमी मुळीच नाही. त्यामुळे ‘आणखी फेरे’ हा वाद इथेच थांबवायला हरकत नाही.

खरी अडचण रोबो वळवताना येईल. वेगाने फिरणाऱ्या उभ्या पात्यासह यंत्र डावीकडे किंवा उजवीकडे वळू लागले, की भोवऱ्याच्या नियमाने ते एका बाजूला कलू पाहते आणि एक चाक जमीन सोडते. तुमच्या पात्याचा कोनीय संवेग, म्हणजे जडत्व-आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग, सुमारे ११ येतो. चाकांमधले अंतर ३० सेंटिमीटर धरले, तर १५ किलोचे वजन कलण्याला जो विरोध करते तो सुमारे २२ न्यूटन-मीटर असतो. २२ ला ११ ने भागले की सेकंदाला २ रेडियन मिळतात. त्याहून वेगाने वळाल तर चाक उचलले जाईल. म्हणजे पूर्ण वेगातले पाते घेऊन स्वतःभोवती एक फेरी मारायला तुम्हाला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागेल. तेवढ्यात साधी पाचर लावलेला प्रतिस्पर्धीही मागून येऊन तुम्हाला भिंतीपर्यंत ढकलत नेईल. शिवाय ४० सेंटिमीटरच्या उभ्या पात्याचा आस जमिनीपासून २० सेंटिमीटरहून उंच ठेवावा लागतो, त्यामुळे गुरुत्वमध्य वर जातो आणि रोबो आणखी अस्थिर होतो.

आता त्याच २ किलो पोलादाची २४ सेंटिमीटर व्यासाची चकती करून पाहा. ४००० फेऱ्यांना तिच्यात साडेबाराशे ज्यूलच्या आसपास ऊर्जा राहते, म्हणजे जवळपास निम्मी. पण वळण्याची मर्यादा सेकंदाला साडेतीन रेडियनांच्या वर जाते आणि पूर्ण फेरी पावणेदोन सेकंदांत होते. निम्मी ऊर्जा देऊन जवळजवळ दुप्पट चपळता मिळत असेल, तर पहिल्याच वेळी रिमोट हाती घेणाऱ्या चालकासाठी हा सौदा फायद्याचा आहे. उभे हत्यार निवडले हे मात्र योग्यच केले. त्याच्या घावाची प्रतिक्रिया तुमच्या रोबोला जमिनीवर दाबते. आडव्या पात्याचा रोबो प्रत्येक घावासरशी स्वतःही बाजूला भिरकावला जातो.

फेरे वाढवण्याचा दुसरा तोटा फारसा लक्षात घेतला जात नाही. दात समोरच्या यंत्रात किती खोल शिरेल, हे दोन दातांच्या मधल्या वेळात तुम्ही किती पुढे सरकता यावर ठरते. सेकंदाला ३ मीटर वेगाने तुम्ही चाल केली आणि चकतीला दोन दात असतील, तर ४००० फेऱ्यांना ही खोली जास्तीत जास्त २२ मिलिमीटर मिळते. ८००० फेऱ्यांना ती ११ मिलिमीटर उरते. मग दात पकड घेण्याऐवजी पृष्ठभाग खरवडतो, ठिणग्या उडतात, प्रेक्षक खूश होतात आणि समोरच्या यंत्राचे फारसे काही बिघडत नाही. एकच दात ठेवून ही खोली दुप्पट करता येते, परंतु मग चकतीचा तोल दुसऱ्या बाजूने साधावा लागतो. पहिल्या यंत्रात त्या फंदात पडू नये.

वजनवाटपाचा एक जुना ठोकताळा असा, की ३० टक्के चाके व त्यांच्या मोटारी, ३० टक्के हत्यार, २५ टक्के सांगाडा व चिलखत आणि १५ टक्के बॅटरी व इलेक्ट्रॉनिक्स. १५ किलोत ते अनुक्रमे साडेचार, साडेचार, पावणेचार आणि सव्वादोन किलो होते. हत्याराच्या साडेचार किलोंत चकतीबरोबर तिची मोटार, आस, बेअरिंग आणि आधाराचे खांबही धरायचे असतात. नटबोल्ट आणि वायर कागदावर कोणीच धरत नाही, म्हणून आराखडा साडेचौदा किलोंतच बसवावा. वजनकाट्यावर २०० ग्रॅम जास्त भरले म्हणून ऐनवेळी चिलखताला भोके पाडत बसण्यापेक्षा ते बरे.

चाकांच्या मोटारी निवडताना जमिनीवरची पकड हीच मर्यादा समजावी. रबरी चाकांसाठी घर्षणांक ०.८ धरला आणि बहुतेक भार चाकांवर असला, तर रोबो सुमारे १२० न्यूटन बलाने ढकलू शकतो. १० सेंटिमीटर व्यासाच्या प्रत्येक चाकाला त्यासाठी ३ न्यूटन-मीटर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ३० किलो-सेंटिमीटर आघूर्ण (फिरवण्याचा जोर) पुरते. त्यापुढची ताकद चाक जागच्या जागी घसरवण्यातच जाते. मिनिटाला ६०० फेरे मिळाले की सेकंदाला ३ मीटरचा वेगही साधतो. हत्याराची मोटार मात्र चकतीला थेट जोडू नये, मध्ये पट्टा ठेवावा. घाव बसताना पट्टा घसरतो आणि मोटारीचा आस वाचतो.

राहिले वायरिंग. नवख्या संघांचे रोबो बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या घावाने मरत नाहीत. स्वतःच्याच हत्याराच्या हादऱ्याने निसटलेला कनेक्टर त्यांना बंद पाडतो. रिमोटचे संकेत घेणारा रिसीव्हर फोमवर बसवावा, प्रत्येक वायर कनेक्टरजवळ बांधून घ्यावी, आतील बोल्टना आटे घट्ट धरून ठेवणारे द्रव लावावे आणि बाहेरच्यांना नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट वापरावेत. लढत साधारण तीन मिनिटांची असते. हत्यार न वापरता तेवढा वेळ तुमचा रोबो फरशीवर आपटत, उलटत आणि भिंतीला धडका देत चालत राहिला, तर सुरुवातीच्या फेऱ्यांत तुम्ही निम्म्या संघांच्या पुढे असाल, असा माझा अंदाज आहे. म्हणून दिवाळीपर्यंत फक्त चालणारा सांगाडा तयार करा आणि हत्यार त्यानंतर बसवा.

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे मित्र अशाच एका रोबोसाठी लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत चार्ज करतात. त्या पेट घेतात असे ऐकले आहे. हे घरी होऊ द्यावे का? — एक पालक, प्रतापनगर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु बंदी घालण्याची गरज नाही. काही अटी मात्र ठाम ठेवाव्यात. या बॅटरीतील प्रत्येक सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३ व्होल्टखाली कधीही जाऊ देऊ नये. सर्व सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरावा आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरहून अधिक प्रवाहाने भरू नये. स्पर्धेला अजून बरेच दिवस असतील तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेली, चेपलेली किंवा लढतीत मार लागलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. मुले “एवढ्या वेळी चालेल” म्हणतात, तेव्हा आपण मध्ये पडावे.

आपल्या प्रश्नात मला खटकली ती गच्चीवरची खोली. अशा बॅटऱ्या चार्ज करण्याची वरची मर्यादा सर्वसाधारणपणे ४५ अंश सेल्सिअस असते. नागपुरात मे महिन्यात सावलीतले तापमान तिथवर जाते, आणि स्लॅबखालच्या खोलीत दुपारी त्याहूनही अधिक असू शकते. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री उशिरा, तळमजल्यावरच्या फरशीवर, कोणी तरी समोर बसलेले असतानाच व्हावे. जवळ वाळूची बादली असावी. कूलरच्या वाळलेल्या ताट्या, पडदे आणि गाद्या दूर असाव्यात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटरी ठेवू नये. बॅटरी पेटलीच तर तिचा धूर विषारी असतो, त्यामुळे आधी सर्वांना बाहेर काढावे. बॅटरी वाचवण्याचा विचार कोणीही करू नये.

प्रश्न : माझे हिंगणा रस्त्यावर लेथचे छोटे वर्कशॉप आहे. महाविद्यालयातील मुले रोबोची पाती करून घ्यायला येतात आणि “जेवढे कडक करता येईल तेवढे करा” म्हणतात. तसे करून दिलेले एक पाते पहिल्याच लढतीत दोन तुकडे होऊन परत आले. काय सांगावे? — एक व्यावसायिक

उत्तर : मुलांना हवा असतो चिवटपणा, आणि मागतात मात्र कडकपणा. एन-२४ हे मिश्र पोलाद तेलात विझवून तसेच ठेवले तर ते अतिशय कडक होते, पण धक्क्याने तडकते. ते पुन्हा तापवून टेम्परिंग करावे आणि कडकपणा रॉकवेल सी मापावर ४० ते ४५ च्या दरम्यान आणावा. टेम्परिंग करताना २५० ते ३७० अंश हा पट्टा टाळावा, कारण त्या तापमानाला हे पोलाद अधिक ठिसूळ होते.

उष्णतोपचाराची सोय नसेल तर हार्डॉक्ससारखा झीज-रोधक पत्रा घ्यावा. कोळसा खाणींतील डंपर आणि चुट (कोळसा खाली घसरवणाऱ्या पन्हळी) यांना आतून असे पत्रे लावतात, त्यामुळे खाणींच्या यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांना तो परिचयाचा असतो. तो कडक आणि चिवट करूनच येतो, म्हणून त्याला पुन्हा तापवू नये आणि त्यावर दात वेल्ड करू नयेत. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पट्टा मऊ पडतो आणि घाव बसताच पाते नेमके तिथेच तुटते.

आपल्याकडे परत आलेल्या तुकड्यांवर भेग कुठून सुरू झाली ते पाहावे. बहुतेक वेळा ती दाताच्या मुळाशी असलेल्या काटकोनातून किंवा आसासाठी कापलेल्या चावीच्या खाचेतून सुरू होते. आतील प्रत्येक कोपऱ्याला निदान ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी. चावीची खाच पात्यात कापूच नये. पाते आसावरच्या हबला (मधल्या तबकडीला) बोल्टने जोडावे. आराखड्यात टोकदार कोपरे दिसले तर तो तसाच कापण्याऐवजी मुलांना परत करावा. त्यांचा एक दिवस जाईल, पाते वाचेल.

प्रश्न : स्पर्धेपूर्वी हत्याराची चाचणी महाविद्यालयाच्या वाहनतळावर, सर्वांना दूर उभे करून घेतली तर चालेल का? — एक विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : चालणार नाही. २४ सेंटिमीटरच्या चकतीचा कडेचा वेग ४००० फेऱ्यांना ताशी सुमारे १८० किलोमीटर असतो आणि तुटलेला दात त्याच वेगाने निघतो. ‘दूर’ या शब्दाला तिथे अर्थ राहत नाही. स्पर्धेचा आखाडा पॉलिकार्बोनेटच्या भिंतींनी बंद केलेला असतो तो याचसाठी. हत्यार फक्त बंद चाचणी-पेटीत किंवा आखाड्यात फिरवावे आणि इतर सर्व वेळी त्याला लोखंडी अडसर घातलेला असावा. वर्कशॉपमध्ये पाते काढून, चाके अधांतरी ठेवून एक तपासणी अवश्य करावी : हातातला ट्रान्समीटर (रिमोट) बंद करताच सर्व मोटारी आपोआप थांबल्या पाहिजेत. हे झाले की पात्याच्या जागी तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा पक्का बसवून वाहनतळावर रोज चालवण्याचा सराव करावा. त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.