१/२४ कारवरचा मेटॅलिक राखाडी: सिमेंटची कळा आणि बॉनेटवरचे ढग

तुम्ही १/२४ (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या) प्लॅस्टिक मॉडेल कारसाठी क्रोम सिल्व्हरमध्ये काळा आणि थोडा पांढरा मिसळून मूळ गाडीच्या जवळची छटा बनवलीत. बाटलीत ती बरोबर दिसली, पण बॉडीवर मारल्यावर सिमेंटची कळा आली आणि बॉनेटवर ढग, म्हणजे फिके-गडद डाग, उठले. यात दोन वेगळ्या गोष्टी बिघडल्या आहेत. आणखी काळा की आणखी सिल्व्हर, हा विचार सध्या बाजूला ठेवा.

आधी पांढरा काढून टाका. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण पारदर्शक माध्यमात आडवे पडलेले असतात. समोरून पाहिलं की ते उजेड थेट डोळ्याकडे परत पाठवतात. तिरकं पाहिलं की तोच उजेड भलतीकडे जातो आणि कणांच्या मधला गडद रंग दिसतो. समोरून उजळ, तिरकं गडद, या फरकालाच फ्लॉप म्हणतात, आणि गाडीचे वळसे उठून दिसतात ते त्याच्यामुळे. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड उजेड सगळ्या दिशांना विखुरतं, त्यामुळे तिरक्या कोनातला गडदपणा निघून जातो. मग उरतो तो साधा राखाडी. छटा फिकी हवी असेल तर काळा कमी करा, पांढरा घालू नका.

काळाही शक्यतो पारदर्शक घ्या. तामिया या मॉडेल-रंगांच्या कंपनीचा एक्स-१९ स्मोक (पारदर्शक धुरकट काळा) यासाठी चांगला आहे. त्याला किंचित तपकिरी झाक असते, म्हणून मूळ राखाडी निळसर असेल तर एक्स-२३ क्लिअर ब्लूचे एक-दोन थेंब टाका. सिल्व्हर मारून त्यावर स्मोकचे थर चढवण्याची पद्धतही आहे, पण हात जिथे दोनदा फिरतो आणि पॅनेल लाइनमध्ये (दारं-बॉनेटच्या कडांच्या खाचांत) जिथे रंग साचतो तिथे पट्टा गडद होतो. पूर्ण बॉडीसाठी मी बाटलीतच मिश्रण करण्याचा आग्रह धरीन.

कणांचा आकारही बघा. खऱ्या गाडीच्या रंगात २० मायक्रॉनचा कण असेल, तर १/२४ मॉडेलवर तो जवळपास अर्ध्या मिलिमीटरच्या टिकलीसारखा वाटतो. म्हणूनच कलर कोड तंतोतंत जुळणारा, खऱ्या गाडीचे ओरखडे झाकायचा टचअप पेंट मॉडेलवर चमकीसारखा दिसू शकतो. शिवाय त्यातला सॉल्व्हंट चांगल्या प्रायमरशिवाय (रंगाखालच्या अस्तराशिवाय) पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, खातो. कोड जुळण्यापेक्षा बारीक कणांचा सिल्व्हर मिळणं मला जास्त मोलाचं वाटतं.

आता ढग. थर ओला पडला की कण पोहतात, कुठे गोळा होतात, कुठे उभे राहतात. थर अर्धवट कोरडा पडला तर छटा फिकी होते, ओला पडला तर गडद. म्हणजे एकाच बाटलीतून दोन राखाडी निघू शकतात! म्हणून प्लॅस्टिकच्या चमच्यावर चाचणी घेताना अंतर, दाब आणि हाताचा वेग बॉडीवर ठेवणार तोच ठेवा. एअरब्रशला ०.३ मिमी नोझल आणि १५ ते २० पीएसआय हवेचा दाब पुरेसा आहे. खाली गुळगुळीत, एकसारखा गडद राखाडी प्रायमर द्या, कारण मेटॅलिक रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. पातळ थर द्या, मध्ये वाळू द्या, आणि शेवटी दाब थोडा उतरवून लांबून एक हलका फवारा सगळ्या बॉडीवर फिरवा. तो कणांची मांडणी सारखी करतो. कपमधला रंग मधूनमधून ढवळत राहा, कण तळाशी लवकर बसतात.

बंपर आणि आरसे वेगळे रंगवणार असाल तर ते गाडीवर ज्या दिशेने बसतात त्याच दिशेने काठीला लावा आणि बॉडीसोबत, त्याच मिश्रणातून, एकाच बैठकीत रंगवा. उद्यावर ठेवलेला बंपर जुळत नाही.

मेटॅलिक थराला सँडपेपर लावू नका. कण कापले जातात आणि तिथे कायमचा डाग दिसतो. कचरा बसला असेल तर क्लिअरनंतर (वरून द्यायच्या पारदर्शक थरानंतर), क्लिअरच्याच थरात घासा. लॅकर क्लिअरचे पहिले हात अगदी हलके द्या, नाहीतर खालचा थर विरघळून कण पुन्हा सरकतात. ग्लॉस क्लिअरखाली छटा अधिक खोल दिसते, म्हणून चमच्यांची तुलनाही क्लिअर मारल्यानंतरच करा. टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा क्लिअर) वापरणार असाल तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. योग्य रेस्पिरेटर, हातमोजे आणि हवा बाहेर नेणारा बूथ, यांशिवाय त्याला हात लावू नका. यात मी कुणालाही सूट देणार नाही.

मूळ गाडीच्या फोटोंवरून छटा ठरवताना एकाच फोटोतला उन्हातला बॉनेट आणि सावलीतलं दार यांच्यातला फरक पाहा. वेगवेगळ्या फोटोंचं एक्स्पोजर वेगळं असतं, त्यामुळे त्यांतला राखाडी एकमेकांशी जुळणार नाही.

नवं मिश्रण झालं की चमच्याचे दोन फोटो टाका, एक समोरून आणि एक तिरका, दोन्ही दिवसाच्या उजेडात. काळा किती कमी करायचा ते त्यावरून सांगता येईल.