प्रोनची रायफल सिलुएटसाठी तयार करताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुला मिळालेली जुनी रेमिंग्टन ४०-एक्स सिलुएटसाठी, म्हणजे उभ्याने लोखंडी आकृत्या पाडण्याच्या नेमबाजीसाठी, तयार करायचा तुझा विचार मला मनापासून पटला. १९५५ साली बाजारात आलेली ही पॉइंट टू-टूची (०.२२ इंची नळीची) रायफल आहे आणि तिची बॅरल (नळी) व ॲक्शन (गोळी भरून झाडणारी यंत्रणा) नीट राखलेली असतील, तर अचूकतेत ती आजही कमी पडणार नाही. बदलायची आहे ती तिची ठेवण. निजून, स्लिंगच्या (हाताला अडकवायच्या पट्ट्याच्या) आधाराने नेम धरणाऱ्यासाठी ती घडवलेली आहे. तू मात्र उभा राहणार आहेस, तोही स्लिंगशिवाय आणि कडक शूटिंग जॅकेटशिवाय. बालेवाडीच्या रेंजवर तू प्रोन, म्हणजे निजून नेमबाजी, शिकलास, त्यामुळे हा फरक तुझ्या अंगवळणी पडायला थोडा वेळ लागेल.

मेक्सिकोत जन्मलेल्या या खेळात लोखंडी कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या आकृत्या पाच-पाचच्या रांगेत मांडतात. स्मॉलबोअरमध्ये, म्हणजे पॉइंट टू-टूच्या प्रकारात, त्या मूळ आकाराच्या एक पंचमांश असतात आणि ४०, ६०, ७७ व १०० मीटरवर उभ्या केलेल्या असतात. डावीकडून उजवीकडे क्रमाने एकेका आकृतीवर एकच गोळी झाडायची असते, आणि आकृती पडली तरच गुण मिळतो. नुसती जागेवर फिरली, तर तो नेम हुकलेलाच धरतात. पाच गोळ्यांना अडीच मिनिटे मिळतात, त्यामुळे तुझ्या रायफलीला मॅगझिन (अनेक गोळ्या भरून ठेवायची पेटी) नाही याची मुळीच चिंता करू नकोस.

खरी अडचण वजनाची आहे. अमेरिकेतल्या एनआरएच्या (नॅशनल रायफल असोसिएशनच्या) नियमांप्रमाणे सिलुएट रायफलीचे वजन दुर्बिणीसह १० पौंड २ औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे ४.६ किलोंपेक्षा जास्त चालत नाही, आणि २८ इंची जाड बॅरलची ४०-एक्स दुर्बिणीशिवायच १२ पौंडांच्या पुढे जाते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी करवतीकडे जातो. बॅरलचा एक इंच कापला की साधारण अडीच-तीन औंस वजन उतरते, आणि पॉइंट टू-टूच्या गोळीला एवढ्या लांबीची गरजही नसते, हे खरे आहे. तरीही मूळ बॅरल कापू नये, असेच माझे ठाम मत आहे. कापलेले पोलाद परत जोडता येत नाही, आणि अशा जुन्या रायफली आता नव्याने घडत नाहीत. जमल्यास चांगल्या गनस्मिथकडून (बंदुकांच्या कारागिराकडून) हलकी बॅरल बसवून घे आणि मूळ बॅरल तेल लावून जपून ठेव.

मूळ स्टॉकही (दस्ताही) तासायला घेऊ नकोस. उभ्याने झाडण्यासाठी वेगळा स्टॉक करून घे. जुन्या स्टॉकचा पुढचा भाग रुंद आणि जड असतो, कारण तिथे स्लिंग आणि हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा अडसर) यायचे. हे दोन्ही इथे निरुपयोगी आहेत. उभ्याने नेम धरताना तुझे डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांवर टेकेल आणि रायफल ट्रिगर गार्डच्या जरा पुढे, बोटांवर किंवा मुठीवर तोललेली असेल. म्हणून स्टॉकला नेमकी तिथेच खोली हवी, म्हणजे रायफल डोळ्यापर्यंत येईल आणि तुला मान खाली घालावी लागणार नाही. ही खोली बॅरलच्या मध्यरेषेपासून सव्वादोन इंचांपर्यंतच चालते, रुंदीलाही तीच मर्यादा आहे. पाम रेस्ट (तळहाताला टेकायचा जोड) आणि हुकाचे बट (खांद्याला अडकणारे मागचे टोक) तर चालतच नाहीत. चीकपीस (गाल टेकायची जागा) मात्र उंच असू दे. डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, गाल टेकव आणि मग डोळे उघड. दुर्बिणीतले चित्र पूर्ण गोल आणि कडेला सावली नसलेले दिसले, तर उंची बरोबर आहे. हे जमेपर्यंत पुढच्या कशालाही हात लावू नकोस.

त्या काळच्या टार्गेट रायफलींवर दुर्बिणीचा एक ठोकळा बॅरलवर आणि दुसरा रिसीव्हरवर (ॲक्शनच्या मुख्य सांगाड्यावर) असे. तू दोन्ही ठोकळे रिसीव्हरवर घे, म्हणजे बॅरल बदलली तरी दुर्बीण हलणार नाही. सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाच्या) गोळीसाठी दुर्बिणीचा नेम ४० मीटरवर जुळवलास, तर १०० मीटरच्या मेंढ्यासाठी कोनाची साधारण दहा मिनिटे (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर यावे लागते. म्हणून टरेट (दुर्बिणीचा नेम वर-खाली करायची चकती) असे हवे की दर वेळी फिरवून परत आणले तरी ते त्याच खुणेवर येईल. माझ्या मते दुर्बिणीच्या मोठेपणापेक्षा हा गुण जास्त मोलाचा आहे, आणि निम्मे पैसे तरी त्यासाठीच राखून ठेवावेत.

ट्रिगरचे काम घरी करू नये. गनस्मिथकडून तो साफ आणि समायोजित करून घे, आणि फायरिंग पिनची (गोळीवर आघात करणाऱ्या खिळीची) स्प्रिंगही तपासायला सांग, कारण इतक्या वर्षांनी ती ढिली झालेली असू शकते.

काम सुरू करण्याआधी बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) काढून चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामे असल्याची खात्री कर आणि मग स्टॉक, बॅरलसह ॲक्शन, बोल्ट व दुर्बीण वेगवेगळी तोल. ते चार आकडे आणि तुझ्या नेहमीच्या पवित्र्याचा बाजूने काढलेला एक फोटो मला पाठव. नव्या स्टॉकसाठी किती औंस उरतात, ते त्यावरून ठरवता येईल.

तुझा शुभचिंतक