यू१ए प्रथिनाची स्फटिकरचना बघून त्याचं स्प्लायसिंगमधलं (आरएनएतले इंट्रॉन नावाचे नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडण्यातलं) काम कळतं का?

अर्धंच कळतं: यू१ए आरएनएला कसं धरतं ते स्पष्ट दिसतं, पुढचं नाही. म्हापशात बीएस्सीच्या मुलांना मी प्रोटीन डेटा बँकेतली १यूआरएन ही फाइल मोबाइलवरच फिरवून दाखवतो (फुकट आहे). केंब्रिजमध्ये कियोशी नागाई यांच्या गटाने १९९४ साली १.९२ अँगस्ट्रॉमच्या (साधारण अणूच्या आकाराइतक्या) बारकाव्यापर्यंत सोडवलेली ही रचना. चार पट्ट्यांची बीटा शीट (प्रथिनाच्या साखळीचा चादरीसारखा भाग), मागे दोन अल्फा हेलिक्स (मळसूत्री भाग). शीटवरच्या टायरोसिन १३ आणि फेनिलअ‍ॅलानिन ५६ या अमिनो आम्लांवर आरएनएचे बेस (त्याची ‘अक्षरं’) चपात्यांच्या चळतीसारखे टेकलेले. हे जवळून बघाच. मात्र स्फटिकात मानवी प्रथिनाचा सुरुवातीचा, साधारण शंभर अमिनो आम्लांचाच तुकडा आहे. शिवाय इंट्रॉन यू१ए कापत नाही. ते ज्या यू१ या आरएनए-प्रथिनांच्या कणाचा भाग आहे, तो फक्त इंट्रॉनची सुरुवात ओळखतो.